फुगे आणि लोंब्या

लग्नानंतर दहा वर्षं मी आगेऱ्याच्या सणाला निव्वळ पाहुणी होते. ठाण्याला जायचं, सोरपोतेल चापायचं आणि रात्रीच्या लोकलने डोंबिवलीला परत. २०२४च्या सप्टेंबरात सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. फोनवर हुकूम आला, "या वेळी फुगे तू तळ. आणि येताना लोंब्या आण. पोरीला कळू दे आपलं काय असतं ते."

त्या 'आपलं'मध्ये मी नक्की कुठे बसते, हे मला कधी कळलेलं नाही. मी डोंबिवलीची, नवरा ठाण्याचा ईस्ट इंडियन कॅथलिक. सात वर्षांच्या लेकीने तर शाळेत परस्पर सांगून टाकलं होतं, "आम्ही पोर्तुगीज!"

"पोर्तुगीज कुठले?" सासूबाई वैतागल्या. "मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीज गेले. आपण इथलेच, इथेच राहिलो." ईस्ट इंडियन हे नावही पोर्तुगीजांचं नव्हे, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी समाजाने ते स्वतःच घेतलं. मुंबईत नोकरीला येणाऱ्या गोवेकरांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. एवढं सगळं सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मलाच ते तिशीत कळलं.

आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेत, त्यावरून हा शब्द आला म्हणतात. सण नव्या भाताचा, आणि ठाण्यात आता भात उगवतो तो फक्त कुकरात. शनिवारी सकाळी लेकीला स्कूटरवर घालून मलंगगडच्या रस्त्याला लागले. एका बांधावर आजोबा उभे होते.

"पूजेला पाहिजेत का?"

"चर्चमध्ये न्यायच्यात."

त्यांनी क्षणभर माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं. मग हळव्या भाताच्या मूठभर लोंब्या कापून दिल्या. "गरवा अजून हिरवा हाय." पैसे घेतले नाहीत.

खरी फजिती दुपारी ठाण्याला फुगे करताना झाली. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर. पूर्वी पीठ फुगवायला ताडी घालत, आता यीस्ट. पीठ इतकं सैल आणि चिकट की लाटायचा प्रश्नच नाही. मुठीत घ्यायचं, दाबायचं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून गोळी वर आली की दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी अलगद तोडून तेलात सोडायची. माझी गोळी तुटायचीच नाही, शेपूट काढत कढईपर्यंत यायची. सासूबाई खुर्चीतून ओरडत होत्या, "पाण्यात बुडव बोटं! दाब कमी!" लेक दारातून मोजत होती, "आई, उंदीर नंबर अकरा."

चाळीसेक उंदरांनंतर चार-पाच फुगे गोल आले. सासूबाईंनी मात्र शेपटीवाला उचलला, इंद्यालच्या रश्श्यात बुडवला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

६ तारखेला मिस्सा झाली. फादरनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. एक लोंबी लेकीने लोकलच्या गर्दीतून, दोन्ही हातांनी छातीशी धरून डोंबिवलीला आणली आणि दारावरच्या खिळ्याला अडकवली. खिळा एकच. पुढच्या शनिवारी दसरा होता, झेंडूचं तोरण तिच्यावरूनच बांधलं. दाणे चिमण्यांनी त्याआधीच टिपले होते.