या पाण्यानं वुजू होतो का?

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. विज्ञान हा माझा विषय नाही. तरीही आज गावच्या तळ्याबद्दल लिहायला बसलोय, कारण त्या तळ्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. गावाला लागूनच जुनं तळं आहे. लहानपणी ईदची नमाज झाली की अब्बांचं बोट धरून त्याच्या बांधावरून घरी यायचो. तेव्हा पाण्यात आभाळ दिसायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत पाणीच दिसेनासं झालं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. तिला जांभळ्या फुलांचे तुरे आले की लांबून बघणाऱ्याला बाग वाटावी.

या वनस्पतीच्या इंग्रजी नावात जे फूल आहे, त्याला उर्दूत सुंबुल म्हणतात. शायरांनी प्रेयसीच्या केसांना सुंबुलची उपमा इतकी दिली की ती गुळगुळीत झाली. हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग तळ्याचे केस वाढलेत. कापायला पाहिजेत." सगळा वर्ग हसला. आमची मोहीम तिथून सुरू झाली.

पहिल्या वर्षी पावसाळ्यानंतर चार रविवार आम्ही कडेकडेची जलपर्णी ओढली. दोर, आकडे, जुन्या साड्या, जे मिळेल ते घेऊन. पोरं कडेच्या उथळ पाण्यात आणि आम्ही शिक्षक त्यांच्या पुढे. काठावर ढीग लागले. फोटो काढले, कौतुक झालं. ढीग तिथेच राहिले. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ती वाळवून लांब नेली तर खत होतं. काठावर सोडली तर कुजते आणि पुढच्या पावसात तिचा सगळा कस परत तळ्यात उतरतो. आम्ही तिला ताटातून काढून पुन्हा ताटातच वाढली होती.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मग मी वाचायला लागलो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलं सुंदर म्हणून माणसानंच तिला जगभर नेलं. बंगालात तिनं नद्या, खाड्या आणि भातशेती अशी व्यापली की १९३६ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या जागेतली जलपर्णी काढणं लोकांवर बंधनकारक झालं. १९३७ च्या निवडणुकीत ती हटवण्याची आश्वासनं दिली गेली. फजलुल हक यांच्या सरकारनं मोहिमा काढल्या. तरी ती तिथे आजही आहे. ऊब आणि भरपूर खाद्य मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. चार रविवारांची आमची फौज तिच्यापुढे काय टिकणार?

तिसऱ्या वर्षी गावात फवारणीची चर्चा सुरू झाली. तणनाशक मारलं की आठ दिवसांत काम फत्ते, असं कुणीतरी सांगितलं. मोहल्ल्यातून अर्ज गेला. मास्तरांची सही असली की वजन येतं, म्हणून पहिली सही माझी घेतली. मीही आनंदानं केली.

फवारणी झाली. पानं पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग सगळं खाली बसलं. पाणी दिसू लागलं तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. आठवड्याभरात वास सुटला. एके सकाळी काठावर पांढरी रेघ दिसली. जवळ गेलो तर मेलेले मासे होते.

तळ्यात मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांपैकी एक वयस्कर मामा काठावर बसले होते. त्यांनी पावसाळ्यात उसनवारी करून मत्स्यबीज सोडलं होतं. मला बघून एवढंच म्हणाले, "सर, तण मारलं तुमी, पन मासं आमचं मेलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

झालं काय, ते नंतर समजलं. एवढा मोठा हिरवा थर एकाच वेळी मरून तळाशी कुजायला लागला की ते कुजणं पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मासे गुदमरतात. म्हणून जिथे फवारणी करावीच लागते तिथे ती तुकड्या-तुकड्यानं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करतात. आमच्याकडे एका दमात झाली. वर कुजलेल्या जलपर्णीतलं सगळं खाद्य पाण्यात मोकळं झालं, आणि आडोसा गेल्यामुळे ऊनही थेट पाण्यात पोचलं. महिन्याभरात अख्खं तळं रंग कालवल्यासारखं हिरवं झालं. जलपर्णी गेली आणि काई आली. मराठीत आपण तिला शेवाळ म्हणतो.

आता कुणी म्हणालं, मोरचूद टाका. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं, पण त्यातलं तांबं माशांनाही विषारी असतं. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती मरताना आतलं विष पाण्यात सोडतात. या वेळी मी सही केली नाही.

त्याच सुमारास सातवीतल्या एका मुलानं मला काठावर विचारलं, "सर, या पाण्यानं वुजू होतो का?"

मला उत्तर येईना. जुम्याच्या नमाजनंतर मी त्याला घेऊन मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी त्यालाच उलट विचारलं, "मकतबमध्ये काय शिकलास? मोठ्या तळ्याचं पाणी कधी नापाक होतं?" पोरानं घडाघडा सांगितलं, नजासत पडून रंग, बू किंवा मजा बदलला तर. मजा म्हणजे चव. मौलाना म्हणाले, "बरोबर. आता नीट ऐक. काई पाण्यातच उगवते. नुसत्या काईनं रंग बदलला म्हणून पाणी नापाक होत नाही, हे जुन्या आलिमांनी लिहून ठेवलंय. पण गटारामुळे रंग किंवा वास बदलला असेल, तर त्या पाण्यानं वुजू नाही. तेव्हा बेटा, काईकडे बघू नकोस. आत काय येतंय ते बघ."

मी इतकी वर्षं मुलांना धडा शिकवतोय. त्या दिवशी मला मिळाला. तलावांचे अभ्यासक वेगळ्या भाषेत हेच सांगतात. शेवाळ आणि जलपर्णी हा ताप आहे, आजार वेगळाच आहे. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे त्यांचं खाद्य. मुंबईचं पवई, पुण्याचं पाषाण, कोल्हापूरचा रंकाळा, या तलावांची नावं पुन्हा पुन्हा बातम्यांत येतात. यंत्रं उतरतात, जलपर्णी निघते, आणि खाद्य येतच राहिलं की परत उगवते. जलपर्णी खाणारा एक छोटा भुंगा तिच्याच मुलखातून आणून १९८० च्या दशकात भारतात सोडला गेला. बंगळुरूत त्यानं चांगलं काम केलं. पण तो वर्षांच्या हिशेबानं काम करतो आणि गटार काही त्याला खाता येत नाही.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन नावाचा मोठा तलाव आहे. आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी त्यात जायचं. १९५५ मध्ये तिथे त्रासदायक शेवाळ दिसलं. पुढे तर जेमतेम मीटरभर खोलवरचं दिसेना. १९५८ मध्ये उपायासाठी लोकांचं मत घेतलं. मार्चमध्ये प्रस्ताव पडला, सप्टेंबरमध्ये मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावापासून वळवलं आणि काही वर्षांत पाणी नितळ झालं. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे मान्य. पण तिथेही आधी लोकांना हात वर करावा लागला होता.

एका रविवारी मी चार मुलं घेतली आणि तळ्याला मिळणाऱ्या नाल्याच्या कडेनं उलटं चालत गेलो. मनात ठरलेलंच होतं की घाण वरच्या वस्तीतून येते. नाला वळला, बाजाराच्या मागून गेला आणि आमच्या मोहल्ल्यात शिरला. मशिदीच्या वुजूखान्याचं पाणी त्यात होतं. पुढे माझी गल्ली आली. गल्लीच्या तोंडाशी एक निळा पाइप गटारात सोडलेला होता. एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर तुमच्या घराचा." तोच होता. घर वाढवलं तेव्हा मिस्त्रीनं विचारलं होतं, शोषखड्डा करू का? हजार-दोन हजार वाचतात म्हणून मीच नको म्हटलं होतं.

भोई मामांच्या माशांवर मी दोनदा घाव घातला होता. एकदा सहीनं, आणि त्याआधी रोज सकाळी अंघोळीनं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली, हे मी शिक्षकांच्या बैठकीत ऐकलं होतं आणि विसरलोही होतो. त्या उन्हाळ्यात पहिला खड्डा माझ्या दारात खणला. चार बाय चार फुटांचा, त्यात विटांचे तुकडे आणि मधोमध भोकं पाडलेली टाकी. मुलांनी विटा फोडल्या. बायकोनं चहा करता करता ऐकवलं, "तेव्हाच म्हटलं होतं." मग मशिदीच्या वुजूखान्यासाठी एक झाला. आज आमच्या दोन गल्ल्यांत मिळून एकोणीस खड्डे आहेत. हे अंघोळ-धुण्याच्या पाण्यापुरतं. संडासाच्या टाक्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे आणि तो मोठा आहे.

तळं नितळ झालंय असं मी सांगणार नाही. उन्हाळ्यात पाणी अजून हिरवट होतं. जलपर्णी एका कोपऱ्यात परत आलीच. पण आता आम्ही ती फुलावर यायच्या आत काढतो, म्हणजे बी पडत नाही, आणि वाळवून लांबच्या शेतात नेतो. मत्स्यबिजाच्या नुकसानीचा काही भाग मी भोई मामांना देऊ केला. त्यांनी घेतला नाही. "पुढल्या साली बीज सोडताना संगं या," म्हणाले. गेलो होतो.

तो सातवीतला मुलगा आता नववीत आहे. परवा पुन्हा विचारत होता, "सर, आता होतो का वुजू?" मी म्हटलं, अजून एकच नाला शिल्लक आहे. चल, रविवारी त्याच्या कडेनं वर जाऊ.