धरणाच्या वरची पिढी

पानशेत म्हटलं की पुण्यातल्या जुन्या माणसांना 12 जुलै 1961 आठवतो. धरण फुटलं, मुठेला लोंढा आला, पेठा बुडाल्या. पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, ते आजोबा हात उंचावून दाखवतात. त्यांच्याच वयाची वेल्ह्याची आजी मात्र पुराच्या आधीचं सांगते: आंबी नदीकाठची भाताची खाचरं आणि धरणासाठी सोडलेलं घर. तिचा हात पाण्याकडे, खाली वळतो.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने 1928 मध्ये पिढ्यांवर एक निबंध लिहिला. एका सुमारास जन्मली म्हणून माणसं एका पिढीची होत नाहीत, काळाचे तडाखे ती कुठे उभी राहून सोसतात त्यावर ते ठरतं, असं त्याने मांडलं. त्याच वर्षी भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं लॉईड धरण पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे निघालं, तिकडे ऊस उभा राहिला. इकडे उन्हाळ्यात जलाशय ओसरला की बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, आणि डोंगरातल्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्याकाठी ताटकळतात.

हवामान बिघडलं त्याचा जाब आजची मुलं मागच्या पिढीला विचारतात. त्यांचा राग खरा आहे, मला तो पटतो. पण मागची पिढी म्हणजे नेमकं कोण? राब भाजून भात लावणारा, बाजाराला डोंगर उतरून पायी जाणारा म्हातारा? त्याच्या जन्मभराच्या चुलीचा धूर आणि शहरातल्या त्याच्याच वयाच्या माणसाच्या मोटारी, विमानं, गार केलेल्या खोल्या एका तराजूत कशा घालायच्या?

डोंगर तिथल्या माणसांनीच बोडके केले, असंही सहज म्हटलं जातं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हा मुलूख हिंडून पाहिला आणि 1979 मध्ये त्यावर लिहिलं. सुपीक खोरं धरणाखाली गेलं, माणसं उतारावर रेटली गेली. धरणासाठी रस्ते आले आणि त्याच रस्त्यांनी जंगलाचा कोळसा बाहेर गेला. त्याआधी ते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक इथल्या देवरायांची नोंद करत होते. वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा देवाचा धाक पाळून कितीतरी पिढ्यांनी ते रान राखलं. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. येणाऱ्यांसाठी जबाबदारी घेणं म्हणजे काय, हे मला त्या रानात जितकं कळतं तितकं परिषदांच्या ठरावांत कळत नाही.

आता पाऊस एकदम कोसळतो. वरंध घाटापलीकडे, महाडच्या तळीये गावावर 22 जुलै 2021 रोजी दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. घाटाच्या या बाजूलाही उतारावरची घरं रात्रभर जागी असतात. खाचराचा बांध एका रात्रीत वाहून जातो आणि तो घालायला घरात तरणा हात नसतो. पोरं शिरवळच्या कारखान्यांत, पुण्यात. सत्तरीतला म्हातारा एकटाच दगडावर दगड रचत बसतो. त्या बांधाने माती अडते, तीच माती धरणात जायची थांबते, आणि पुण्याच्या नळाला, बारामतीच्या उसाला पाणी पुरतं. त्याची मजुरी पुण्याने आणि कालव्याखालच्या गावांनी द्यावी. दरसाल, पाणीपट्टीबरोबर, म्हाताऱ्याच्या हातात पडेल अशी.