गोळी बंद करायची का?

जालन्यात आमच्या घरी दोन वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. सूज उतरली, अंगात ताकद आली, तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. त्या पैशात मुलीची वह्या-पुस्तकं येतील." आम्ही घरात बसून विचार केला.

या आजाराचे वर्णन हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली केले. यात शरीराची संरक्षक शक्तीच गळ्यातील ग्रंथीवर उलटते. ग्रंथीला जे बनवता येत नाही, ते गोळी रोज भरून देते. म्हणजे बरे वाटते ते गोळीमुळेच! ती सोडली तरी लगेच कळत नाही, कारण शरीरातले औषध निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. थकवा, बद्धकोष्ठता मागाहून येते.

काहींची गोळी सुटते. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासून. गरोदरपणात तर मनाने मुळीच सोडू नये.

आमचे ठरले: गोळी चालू ठेवायची, सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने. वह्यांचे पैसे दुसऱ्या खर्चातून काढू. भगिनींनो, तुम्हीही रिपोर्ट पाहिल्याशिवाय गोळी सोडू नका.