तळ्यात गेलेलं तळ्यातच राहतं
लेक टाहोच्या काठावरची एक सकाळ

फजरची नमाज आटोपून आम्ही सॅक्रामेंटोहून निघालो. जावई गाडी चालवत होते, मागे लेक आणि नात. कॅलिफोर्नियाचं सपाट मैदान संपलं, घाट सुरू झाला आणि आमच्या कोकणातल्या वरंध घाटाची आठवण यावी अशी वळणं लागली. फक्त इथं साग-ऐनाऐवजी उंचच उंच पाइनची झाडं. दोनेक तासांनी एको समिट ही खिंड ओलांडली आणि नात ओरडली, "नाना, ते बघा!"

खाली डोंगरांच्या कड्यात निळं पाणी पसरलं होतं. जुलै महिना असूनही समोरच्या शिखरांवर बर्फाचे पट्टे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर, जवळजवळ 35 किलोमीटर लांब आणि 19 किलोमीटर रुंद असं हे सरोवर. खोली 501 मीटर. दोन-तृतीयांश भाग कॅलिफोर्निया राज्यात, उरलेला नेवाडात. तोंडून आपसूक 'सुबहानल्लाह' निघालं.

आम्ही मात्र नुसतं बघायला आलो नव्हतो. आदल्या दिवशी 4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी टाहोच्या पुळणींवर जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे राहिलेला कचरा उचलायला माणसं जमतात. लेक दरवर्षी जाते. म्हणाली, "अब्बा, तुम्ही आयुष्यभर शाळेत मुलांना स्वच्छता शिकवलीत. चला, एक सकाळ माझ्याबरोबर."

काठावर एका टेबलाशी नावं लिहून घेतली जात होती. हातमोजे, चिमटा, बादली आणि एक कागद मिळाला. कागद कशाला? तर जे उचलाल ते मोजून लिहायचं. सिगारेटची थोटकं किती, बाटल्यांची झाकणं किती, प्लॅस्टिकचे तुकडे किती. मला हसू आलं. कचरा कुणी मोजतं का? शेजारी काम करणाऱ्या एका वयस्कर बाई म्हणाल्या, "उचललेला कचरा उद्या पुन्हा येतो. पण काय येतं आणि कुठं येतं हे लिहून ठेवलं, तर तो बंद कसा करायचा हे नगरपालिकेला सांगता येतं." दीड तासात माझ्या कागदावर सर्वांत मोठा आकडा थोटकांचा होता.

हे काम चालवणारी संस्था म्हणजे 'लीग टू सेव्ह लेक टाहो'. तिचं घोषवाक्य, 'कीप टाहो ब्लू', म्हणजे टाहो निळाच ठेवा, इथल्या असंख्य गाड्यांच्या मागे चिकटवलेलं दिसतं. संस्था 1957 सालची. त्या काळात सरोवराभोवती मोठा महामार्ग काढायचा आणि एमराल्ड बे नावाच्या सुंदर खाडीवरून पूल न्यायचा, असा बेत होता. काठावर राहणारी काही माणसं एकत्र आली आणि त्यांनी विरोध केला. पूल झाला नाही. पण संस्था घरी बसली नाही, कारण तोवर खरा धोका दुसरीकडून येऊ लागला होता.

तो धोका समजून घ्यायचा तर या सरोवराचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आमच्या कोकणातल्या नद्या पावसाळ्यात सगळं वाहून समुद्रात नेतात. टाहोचं तसं नाही. त्याला 63 ओढे-नद्या येऊन मिळतात, पण बाहेर जाणारी नदी एकच, ट्रकी. तीही समुद्राला न मिळता वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये जाऊन थांबते. त्यामुळे टाहोत पडलेला पाण्याचा थेंब सरासरी सुमारे 650 वर्षं तिथंच राहतो, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. म्हणजे आज आपण काठावरून जे पाण्यात सोडू, त्याचं काय झालं हे आपल्या पंचविसाव्या पिढीने बघायचं!

मग पाणी गढूळ होतं आहे हे ओळखायचं कसं? त्याचं साधन ऐकून मी थक्क झालो. एक पांढरी गोल तबकडी, जेवणाच्या ताटाएवढी. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. अँजेलो सेक्की नावाच्या एका इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 साली ही युक्ती वापरली, म्हणून तिला सेक्की तबकडी म्हणतात. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक 1968 पासून टाहोत ती सोडत आले आहेत. 1968 मध्ये वर्षाची सरासरी 31 मीटरच्या आसपास होती. 2017 मध्ये ती 18 मीटरवर आली, तो आजवरचा नीचांक. त्यानंतर थोडी सुधारणा झाली, तरी जुना पल्ला अजून लांब आहे. चांगला असो वा वाईट, आकडा जाहीर होतो. लपवत नाहीत.

दोष कुणाचा? मला वाटलं, मैलापाण्याचा असेल. तर नाही. मैलापाणी सरोवरात तर नाहीच, सरोवराच्या खोऱ्यातसुद्धा सोडायचं नाही, हा निर्णय इथं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच अमलात आला. शुद्ध केलेलं सांडपाणीदेखील पंपाने डोंगरापलीकडे नेलं जातं. आताचा मुख्य अपराधी आहे धूळ. हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू टाकतात. चाकांखाली ती दळली जाते, बर्फ वितळला की गटारांतून सरोवरात उतरते. केसाच्या जाडीहून बारीक असे हे कण तळाला लवकर बसत नाहीत, पाण्यात तरंगत प्रकाश अडवत राहतात. पूर्वी हे पाणी आधी काठच्या दलदलीत पसरायचं, गाळ गवतात अडकायचा आणि निवळ पाणी पुढं जायचं. 1960 च्या दशकात दक्षिण काठावरच्या अशाच मोठ्या दलदलीत भराव घालून 'टाहो कीज' ही बंगल्यांची आणि होड्यांची वसाहत उभी केली. सरोवराची चाळणीच माणसाने फाडली. आज त्याच वसाहतीच्या कालव्यांत बाहेरून आलेल्या पाणवनस्पती माजल्या आहेत. त्यांचे तुटलेले तुकडे सरोवरात जाऊ नयेत म्हणून कालव्याच्या तोंडाशी संस्थेने तिथल्या रहिवाशांबरोबर 2018 मध्ये बुडबुड्यांचा पडदा बसवला. तळाशी नळी, तिच्यातून सतत हवा, आणि वर येणारे बुडबुडे तुकड्यांना अडवतात.

संस्थेचं मला सर्वांत भावलेलं काम याहून साधं आहे. काही स्वयंसेवक वादळी पावसात घराबाहेर पडतात. गटारांचे पाइप जिथं सरोवराकडे उघडतात तिथं उभे राहून बाटलीत पाणी भरतात आणि तपासणीला देतात. कोणत्या पाइपातून सर्वांत गढूळ पाणी येतं, हे पाऊस पडत असतानाच कळतं. मग त्या पाइपामागचा रस्ता, गाळाचा खड्डा, उघडी जमीन कुणाच्या ताब्यात आहे हे शोधून त्यांच्याकडे पाठपुरावा करायचा. या कामाचा फोटो कोण काढणार? भर पावसात, गटाराच्या तोंडाशी, हातात एक बाटली.

हे ऐकताना मी गप्प झालो. कारण मला आमच्या गावचं तळं आठवत होतं. मशिदीमागचं ते तळं माझ्या लहानपणी इतकं नितळ होतं की पायरीवर बसून तळाचे खडे मोजायचो. पुढं जमातीचा हॉल बांधला. लग्नाच्या देगा धुतल्यावर तेलकट पाणी जायचं कुठं, असा प्रश्न आला आणि गटार तळ्याकडे काढावं असं ठरलं. ती सूचना कमिटीच्या बैठकीत मीच केली होती. "एवढं मोठं तळं आहे, काय होतं?" हे माझेच शब्द.

जुहरची वेळ झाली. मी टाहोच्या पाण्याने वुजू केला. बोटं बधिर झाली. आम्ही कोकणातले शाफई. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलेला मसला आठवला. कुल्लतैन, म्हणजे दोन मोठ्या रांजणांहून जास्त पाणी असेल, तर नजासत पडल्याने ते तेवढ्यावरून नापाक होत नाही. पण रंग, वास किंवा चव यांपैकी एक जरी त्यामुळे बदललं, तर पाणी कितीही असो, ते नापाक. इतकी वर्षं मी मसल्याचा पहिलाच भाग लक्षात ठेवला होता. पाणी खूप आहे, चालतं. दुसरा भाग म्हणजे पाण्यावर नजर ठेवा, ते बदलतंय का बघत राहा. ती पांढरी तबकडी याहून वेगळं काय करते? आणि साचलेल्या पाण्यात लघवी करण्याची मनाई तर हदीस शरीफमध्ये साफ आहे. वाहत्या आणि साचलेल्या पाण्यातला फरक हजरत पैगंबर (सल्ल.) यांनी वाळवंटातल्या माणसांना समजावला. तळ्याकाठी वाढलेला मी तो विसरलो.

दुपारी झाडाखाली खिमा-चपाती खाल्ली. निघताना लेकीने विचारलं, "अब्बा, कसं वाटलं?" मी म्हणालो, "सुंदर." खरं ते सांगायला घाटाचा निम्मा उतार जावा लागला.

परत आल्यावर स्टीलच्या एका जुन्या झाकणाला पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून वजन आणि दोरी बांधली. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. एका रविवारी मदरशातल्या मुलांना घेऊन तळ्यावर गेलो. झाकण दोन वितींवरच दिसेनासं झालं. मुलांना वाटलं खेळ आहे. त्यांनी तारीख आणि माप वहीत लिहिलं.

ती वही मी जमातीच्या बैठकीत ठेवली. गटार काढण्याची सूचना कुणाची होती, हेही सांगितलं. कुणी हसले, कुणी म्हणाले, शोषखड्ड्याचा खर्च कोण देणार. दोन बैठका झाल्या, तिसरी ईदनंतर आहे. शोषखड्ड्याची जागा आखून झाली आहे, खोदकाम बाकी आहे. तोवर देगा हॉलच्या मागच्या नारळांच्या आळ्यात धुवाव्यात, एवढं सगळ्यांनी मान्य केलं.

मुलं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झाकण सोडतात. गेल्या वेळी माप तेवढंच आलं, दोन विती. एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, काहीच फरक नाही, लिहू नको ना?"

मी म्हणालो, "लिही."