ओट्यावरून उतरलेली भांडी

सोमवार, 17 मार्च 2025
पाडव्याची आवराआवर काढली. माळ्यावरची भांडी खाली आली आणि दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. सासूबाई पाटावर बसून एकेक वस्तू उलटीसुलटी करून बघतात. त्यांचा दंडक ठरलेला : "आधी खोड काय आहे ते बघ, मग काम ठरव." गळतंय, तुटलंय, की नुसतं झिजलंय?

बुधवार, 19 मार्च, रंगपंचमी
खाली पोरांचा दंगा, वर माझा नॉनस्टिक तवा. थराचे पापुद्रे निघताहेत, म्हणजे तो आता चुलीवर नको. तसाही हा थर 260 अंशांच्या पुढे तापला की बिघडायला लागतो. दांड्याचा स्क्रू काढला आणि तवा कुंडीखाली सरकवला. पाणी निथळलं की ओतून टाकायचं, नाहीतर डास. पिठाच्या चाळणीची जाळी एका बाजूने सुटलीय. ती गांडूळखत चाळायला गच्चीवर गेली.

शनिवार, 22 मार्च
गेल्या उन्हाळ्यातला माठ पाणी गार करीना. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली. पाणी पाझरून बाहेर येत नाही, मग वाऱ्याने उडणार काय आणि गारवा येणार कुठून! माठ मातीत पुरून रोपांना पाणी पाजायची जुनी पद्धत आहे, पण तिलाही हाच पाझर लागतो. तेव्हा तो बेत बाद. रात्रभर भिजवून, खिळ्याने हलके टोले देत बुडाला भोक पाडलं, गळा उतरवला, आत पुदिना लावला. गळ्याची खापरं इतर कुंड्यांच्या भोकांवर ठेवली : पाणी जातं, माती राहते.

मंगळवार, 25 मार्च
कुकरची रिंग कडक झाली, बाजूने वाफ सोडते. आईंनी ती ओट्यावर ठेवून वर गोल बुडाची कढई बसवली. झाली चुंबळ! कढई डुगडुगत नाही. कुकरमध्ये साधारण 120 अंशांची वाफ सोसलेलं रबर आहे. तळणाची, तेलासकट तापलेली कढई मात्र त्यावर ठेवायची नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलं.

शुक्रवार, 28 मार्च
पितळी पातेल्यात कोथिंबीर लावायची सूचना लेकीची. आईंनी डोळे वटारले. खोड एवढीच की कल्हई गेलीय, त्यामुळे त्यात ताक, आमटी कळकते. कल्हईवाल्याने पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं. कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणून हे काम भात्याच्या शेगडीवर रस्त्याकडेला होतं. जे दुरुस्त होतं त्याला दुसरं काम शोधायचं नाही, हे दंडकाचं पोटकलम आज कळलं.

रविवार, 30 मार्च, पाडवा
गुढीवर आजेसासूबाईंचा तांब्या. बुडाशी झिजून गळायला लागलाय, एका अंगाला पोचाही आहे. चिंचेने घासल्यावर लखलखला. पोचा भिंतीकडे केला. गळतीचं विचारलं तर आई म्हणाल्या, "उपड्या तांब्याला कसली गं गळती?"

मंगळवार, 1 एप्रिल
भंगारवाल्याला बोलावलं. जर्मनची चेपलेली पातेली, झाकणं, बिनकानाची परात. ती ठेवून घेण्यात शहाणपण नाही : खनिजापासून नवं अॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 5 टक्क्यांत जुनं वितळून पुन्हा तयार होतं. माळ्यावर पडून राहणं हे काही काम नव्हे. आईंना तसं सांगितलं. "कधीतरी लागेल" हे उत्तर चालणार नाही. आज, आत्ता काय काम ते सांगा, नाहीतर वस्तू काट्यावर.
त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ढिगातून बिनजोडीचा वरवंटा उचलला. "उद्यापासून कुरड्या घालायच्यात. वाऱ्याने वाळवणाची चादर उडते."
"बरं, वरवंटा राहू दे."
"चादरीला चार कोपरे असतात," म्हणत त्यांनी काट्यावरून तडकलेला खल, बत्ता आणि बिडाचा मोडका तवाही परत घेतला.