माटुराचे माहेर

त्रिनिदाद म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. माझेही ज्ञान तेवढ्यावरच थांबलेले. त्यामुळे त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील माटुरा गावी, मे महिन्यातल्या काळोख्या रात्री, अटलांटिकची गर्जना ऐकत वाळूत उकिडवे बसण्याची पाळी येईल, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

"बॅटरी विझवा!" वाटाड्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या हातात तांबडा दिवा होता. पांढऱ्या उजेडाने कासवीण बुजून माघारी फिरते आणि पिले समुद्राची वाट चुकतात.

आणि ती आली. प्रथम वाटले, लाटेने एखादी उपडी होडीच वर ढकलली. पाच फूट लांब, तीनचारशे किलोंचे धूड! जगातले हे सर्वांत मोठे कासव, लेदरबॅक. टणक कवचाऐवजी पाठीवर काळे, चिवट कातडे. सुस्कारे टाकत, थांबत थांबत ती वर सरकली. मागच्या वल्ह्यांनी, एकदाही वळून न पाहता, तिने दीड हात खोल खड्डा असा नेटका कोरला, की कुंभारानेही मान डोलवावी. मग ऐंशीएक अंडी. डोळ्यांतून पाणी ओघळत होते. अंगातले जादा मीठ असे बाहेर पडते, हे शास्त्र मला ठाऊक होते. तरी मन गलबललेच. जिथे जन्म झाला त्याच मुलखात ही बाळंतपणाला येते. म्हणजे माहेरीच की!

"माझ्या लहानपणी इथे नाक धरून चालावे लागे," बाई सांगू लागल्या. "चार तुकडे मांस न्यायचे, बाकीचे धूड इथेच कुजायचे. आमच्याही घरी ते शिजले आहे. खोटे कशाला बोलू?"

१९९० साली सरकारने विणीच्या हंगामात हा किनारा विनापरवाना येणाऱ्यांना बंद केला, आणि गावकऱ्यांनीच 'नेचर सीकर्स' ही संस्था काढून रात्रीचा पहारा सुरू केला. आता पाहुण्यांना कासव दाखवून इथल्या काही चुली पेटतात. २०११ पासून देशभर कासवांच्या शिकारीला बारमाही बंदी आहे.

"म्हणजे जिंकलात तुम्ही!" मी म्हणालो.

बाईंनी काळोखातल्या समुद्राकडे बोट केले. "वाळूवर जिंकलो. तिथे नाही." मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात कासवीण गुरफटते, श्वासाला वर येता आले नाही, की बुडून मरते. कोळ्याचे जाळेही फाटते. "माझा भाऊच जाळी टाकतो. त्याला काय सांगू? पोरांना उपाशी ठेव म्हणून?"

मला उत्तर सुचले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास आठवले. २००२ पासून तिथेही कासवांची घरटी राखतात. पण त्या पहाऱ्यालाही वाळू संपते तिथे थांबावे लागते.

खड्डा बुजवून कासवीण पाण्याकडे निघाली. एक लाट आली आणि ती दिसेनाशी झाली. बाई मात्र दिवा विझवून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. लेक सासरी निघाली, की आई वेशीवर उभी राहते, तशा.