आपल्या हक्काचा कोपरा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात तुमची अशी बसायची जागा कोणती? स्वयंपाकघरातला पाट सांगू नका हं!

मी लग्न होऊन जालन्यात आले ते साल २०१२, दुष्काळाचं. कुंडलिकेकाठी कादराबादेत आमचं जुनं माळवदाचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, त्यामुळे बाहेर ४२ अंश ऊन असलं तरी ओसरी गार! पण ओसरी पुरुषमंडळींची, आम्ही माजघरात. सासूबाई मात्र दुपारची भांडी आटोपली की मागच्या दारी लिंबाखालच्या पायरीवर घटकाभर टेकायच्या.

आताचं घर सिमेंटचं. स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडतो. म्हणून मी घराच्या पूर्वेला, भिंतीलगत जुनी बाज टाकली. दुपारनंतर तिथे सावली असते. जुन्या डब्यांत तुळस, मोगरा लावला. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना पुरतं. खर्च काय तो बाजेच्या नव्या नवारीचा.

शाळेतून आले की चहा घेऊन तिथे बसते. सुरुवातीला सारख्या हाका यायच्या. आता सासूबाईच आतून दटावतात, "थांबा रे जरा, ती बसलीय."

तुम्हीही शोधा असा कोपरा. हातभर जागासुद्धा पुरते.